पानी नाही, पाणी



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. मागचं लिखाण गुळाच्या पोळ्यांवर होतं, म्हणजे संक्रांतीचं, आणि आता गणपतीही होऊन गेले. दोघातिघांनी फोन करून "बाई, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलंसुद्धा. तब्येत बरी आहे, गुडघे सोडले तर. लिहिलं नाही, कारण जे लिहायचं होतं ते चारचौघांत सांगावं की नाही हेच ठरत नव्हतं. पण दिवाळी जवळ आली. दिवाळीत तुमच्यापैकी बरेच जण आईला भेटायला जाता. त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. एकदम सांगितली तर उपदेश वाटेल (36 वर्षं शाळेत शिकवल्यावर साधं बोललं तरी लोकांना उपदेशच वाटतो!), म्हणून जरा लांबून सांगते.

आई आता 93 वर्षांची आहे. 2023 च्या जानेवारीपासून ती सिंहगड रस्त्यावर, खडकवासल्याच्या अलीकडे, एका केंद्रात राहते. तिथे सगळे विस्मरणाचेच रुग्ण आहेत. मी गुरुवारी आणि रविवारी बसने जाते. दुपारी पोहोचते, अंधार पडल्यावर निघते.

आईचं माहेर भोर तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं एक खेडं. शाळा चौथीपर्यंत. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती पुण्याला नारायण पेठेतल्या एका वाड्यात आली. अण्णा छापखान्यात खिळे जुळवायचे. वाड्यात बाकीची बिऱ्हाडं शिकल्यासवरल्यांची. आई नळावर गेली आणि "पानी गेलं का वो?" म्हणाली की बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. वाईट नव्हत्या त्या, अडीअडचणीला धावून यायच्या. पण हसायच्या.

मी शाळेत जायला लागले तेव्हा माझ्याही तोंडात "पानी"च होतं. बाईंनी वर्गात उभं करून मला दहा वेळा "पाणी" म्हणायला लावलं. मी घरी आले आणि आईला दहा वेळा म्हणायला लावलं. "पानी नाही आई, पाणी. लोनी नाही, लोणी. कोन नाही, कोण." आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची. तिला आवडायचंही ते. पुढे पुढे तर तिच्या तोंडात ण इतका बसला की नको तिथेही यायला लागला. "माझ्या मणात नव्हतं हो" असं ती एकदा अण्णांना म्हणाली आणि अण्णा हसून हसून बेजार झाले. मी मात्र हसले नाही. मी तेही दुरुस्त केलं.

आता 12 जुलै 1961. पुण्याच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही, पण परगावच्या आणि परदेशच्या मुलानातवंडांसाठी सांगते. पानशेतचं मातीचं धरण नवं होतं, काम पुरतं झालेलं नव्हतं. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते वाचवायची शिकस्त केली. बुधवारी सकाळी ते फुटलं. ते पाणी खडकवासल्याच्या धरणात आलं, आणि काही तासांनी तेही फुटलं. पूल पाण्याखाली गेले, नदीकाठच्या पेठांमधले मातीचे आणि लाकडाचे वाडे विरघळल्यासारखे बसले. मी तेव्हा 9 वर्षांची, धाकटा भाऊ 5 वर्षांचा. अण्णा कामावर होते. आई कशाला तरी बाहेर गेली होती, ती बोळातून पळत आली आणि चौकात उभी राहून ओरडायला लागली, "पानी आलं, पानी आलं, उठा!" तिने कडेवर धाकट्याला घेतलं, मला मनगटाला धरून ओढलं. जिन्यावरून उतरताना मी म्हणाले, "आई, पाणी म्हण."

खरंच म्हणाले. ही गोष्ट आमच्याकडे पुढे पन्नास वर्षं सांगितली गेली. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला. आई स्वतः रंगवून सांगायची, "जीव चालला होता, आणि ही शहाणी मला ण शिकवत होती!" सगळे हसायचे. मीही हसायची. वाडा गेला. आम्ही पर्वतीवर पळालो, रात्र तिथे काढली. पुढे आठवडेच्या आठवडे नळाला पाणी नव्हतं, कारण खडकवासला गेलं म्हणजे पुण्याचं पिण्याचं पाणीच गेलं. जुन्या विहिरी उपसल्या गेल्या, पाण्यासाठी रांगा लागल्या. पहाटे उठून आई आणि मी कळश्या घेऊन रांगेत उभ्या राहायचो, मग मी शाळेत जायची. नंतर गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली आणि संसार पुन्हा मांडला गेला.

मी बी.ए., बी.एड. केलं आणि मराठीची बाई झाले. चुका काढणं हाच धंदा झाला. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रातले मथळे, काही सोडलं नाही. भावाच्या लग्नाची पत्रिका छापून आली तर मी "शुभाशीर्वाद"मधली वेलांटी शोधत बसले होते. वहिनी अजून बोलून दाखवते.

2017 साली आईने आमटीत दोनदा मीठ घातलं. मग दूध तापत ठेवून विसरली. मग एकच गोष्ट दिवसातून पाच वेळा विचारायला लागली. तेव्हा ती भावाकडे चिंचवडला होती. आम्ही म्हटलं, वय झालं. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपल्याकडे आहेच, आणि आई तर 85 ची. पण नातवाच्या मुंजीत तिने मला माझ्याच वहिनीची चौकशी केली, "ही बाई कोण, फार काम करतेय," तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी रक्त तपासलं. थायरॉइड कमी असेल किंवा बी-12 कमी पडलं असेल तरी असं होतं आणि ते औषधाने सुधारतं, म्हणून ते आधी बघायचं असतं. (कुणाच्या घरी अशी शंका असेल तर हे लक्षात ठेवा. वय झालं म्हणून सोडून देऊ नका.) आईचं दोन्ही ठीक निघालं. मग एमआरआय. मग प्रश्न. आज वार कोणता, आपण कुठल्या मजल्यावर आहोत, मी तीन शब्द सांगतो ते थोड्या वेळाने परत सांगा. आईने वार चुकीचा सांगितला. तीन शब्दांपैकी एकही आला नाही. मी शेजारी बसले होते आणि मला तोंडाने उत्तरं पुरवावीशी वाटत होती. आयुष्यभर कॉपी करणाऱ्या मुलांना पकडलं, आणि तिथे...

निदान अल्झायमरचं झालं. डॉ. अलॉइस अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1906 साली हा आजार पहिल्यांदा वर्णन करून सांगितला, तो एका पन्नाशीतल्या बाईचा होता. म्हणजे हा निव्वळ म्हातारपणाचा खोडसाळपणा नाही, मेंदूचा आजार आहे. मेंदूत नव्या आठवणी साठवायला जी जागा मदत करते तिथे तो बहुधा आधी शिरतो. म्हणून सकाळचा चहा आठवत नाही, पण 1950 सालचं लग्न आठवतं. औषधं आहेत, ती काही काळ थोडी मदत करतात, पण गेलेलं परत आणत नाहीत. डॉक्टरांनी हे सगळं सौम्य शब्दांत सांगितलं. "अस्तु" हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2013 चा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, डॉ. मोहन आगाशे त्यात संस्कृतच्या विद्वान प्राध्यापकांचं काम करतात. तो मी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर पाहिला होता. रडलो, आणि बाहेर येऊन भेळ खाल्ली. आपल्या घरी हे येईल असं वाटलं नव्हतं.

त्याच सुमाराला मी आईला माझ्याकडे एरंडवण्याला आणलं. माझे यजमान 2015 मध्ये गेले होते, मुलगी बंगलोरला. दोघी राहू, असं मी म्हटलं. सुरुवातीची वर्षं जमलंही. टाळेबंदीतसुद्धा आम्ही दोघी बऱ्या होतो, कुठे जायचंच नव्हतं ना! पण या काळात माझ्या हातून जे झालं, ते सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

मी आईच्या चुका काढल्या.

"आज सोमवार ना गं?" "नाही आई, गुरुवार. कालच तर सांगितलं." "माझे पैसे कुणी घेतले?" "कुणी नाही, तूच उशीखाली ठेवलेस." मी भिंतीवर फळा लावला, त्यावर रोज वार आणि तारीख लिहायची आणि तिच्याकडून वाचून घ्यायची. मला वाटायचं, सराव केला की सुधारणा होते. वर्गात होते ना! पण ही मुलगी रोज एक इयत्ता खाली उतरत होती आणि मी तिला रोज त्याच पाठाला बसवत होते. तिचा चेहरा नळावरच्या त्या बायका हसल्यावर व्हायचा तसा व्हायचा. मला ते दिसत होतं. तरी मी थांबत नव्हते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे अण्णांची गोष्ट. अण्णा 2004 साली गेले. आई संध्याकाळी दाराशी उभी राहून विचारायची, "हे आले नाहीत अजून?" मी सांगायची, "आई, अण्णा गेले. 2004 ला. आपण आळंदीला नाही का गेलो होतो?" आणि आई ते पहिल्यांदा ऐकायची. दर वेळी पहिल्यांदा. मटकन खाली बसायची. "आणि मला कुणी सांगितलं नाही?" अर्ध्या तासाने विसरायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी. मी मोजलं नाही, पण महिना दीड महिना तरी मी माझ्या आईला रोज विधवा केलं. खरं बोलण्याच्या हट्टापायी.

2022 च्या पावसाळ्यात ती पहाटे दार उघडून निघून गेली. साडेसहाला मी उठले तर अंथरूण रिकामं. लकडी पुलावर सापडली, कठड्याला धरून नदीकडे बघत उभी होती. पायात चप्पल नाही. आमचा पेपरवाला तिकडून येत होता, त्याने ओळखलं आणि मला फोन केला. मी रिक्षाने पोहोचले तर तिने मला शांतपणे विचारलं, "पानी उतरलं का वो?"

"पानी." साठ वर्षांनी. तिचा ण गेला होता. मी शिकवलेला, तिने घोटून घोटून मिळवलेला ण. नंतर डॉक्टर म्हणाले, असं होतं. उशिरा शिकलेलं आधी जातं, लहानपणीचं सर्वांत शेवटी. त्या क्षणी मात्र मी रिक्षात तिचे पाय पदराने पुसत होते आणि काही सुचत नव्हतं.

त्यानंतर चार-पाच महिने मी रात्री दाराला कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवून झोपत होते. तिला उचलताना माझी कंबर धरली. दिवसाच्या बाईने काम सोडलं, रात्रीची मिळेना. मी सत्तरीची, ती नव्वदीची, पडलो असतो तर दोघी एकदमच. भाऊ म्हणाला, "ताई, आता पुरे." महिन्याचे 28 हजार, निम्मे तो देतो, निम्मे माझ्या पेन्शनमधून. हे आकडे मुद्दाम लिहिते, कारण एका लग्नात एका नातेवाईक बाईंनी पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "आईला तिकडे टाकलंस का गं?" मी तेव्हा जिलबी खाली ठेवली आणि उत्तर दिलं नाही. आज देते. टाकलं नाही, ठेवलं. जिथे रात्री तीन वाजतासुद्धा कुणी तरी जागं आहे अशा ठिकाणी ठेवलं. पण हेही खरं, की पहिल्या दिवशी फाटकातून बाहेर पडताना ती मागून "मला नेताय ना?" असं विचारत होती आणि मी मागे वळून पाहिलं नाही. कुठल्याही उत्तराने ते पुसलं जात नाही.

त्या केंद्राच्या जागेबद्दल माझ्या मनात एक खटका होता. 1961 चं पाणी ज्या बाजूने आलं, त्याच बाजूला मी तिला ठेवत होते. पण तिला ते कळणार नव्हतं, आणि ज्या दोन-तीन जागा पाहिल्या त्यांत हीच स्वच्छ होती.

पहिले दोन महिने कठीण गेले. या आजाराच्या माणसांना तिन्हीसांजेला जास्त अस्वस्थ वाटतं, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा असतो. आई खिडकीशी जायची आणि ओरडायला लागायची, "पानी आलं! उठा, पानी आलं!" शेजारच्या आजी रडायला लागायच्या. मी तिचे दोन्ही हात धरून सांगायची, "आई, पाणी नाही आलं. ते 61 साली आलं होतं. आपण आता वर आहोत, इथे काही होणार नाही." ती माझ्याकडे असं बघायची की ही बाई वेडी आहे, हिला पाणी दिसत नाही. मग माझे हात झटकून आणखी मोठ्याने.

तिथे बीडकडची एक मुलगी काम करते. बावीस-तेवीसची असेल. बारावीनंतर शिक्षण सुटलं, आईवडील ऊसतोडीला जातात. एका गुरुवारी आई अशीच ओरडत होती आणि ही मुलगी चादरी घेऊन आत आली. तिने "पानी आलं" ऐकलं मात्र, चादरी पलंगावर टाकल्या आणि म्हणाली, "आलं का आज्जे? चला मग, भरून घिऊ! पुन्हा जाईल न्हाईतर!"

कोपऱ्यात प्लॅस्टिकची बादली होती, दोन मग होते. तिने एक मग आईच्या हातात दिला. आई एकदम गप्प झाली. मग तिने पदर खोचला. त्या रिकाम्या मगातून रिकाम्या बादलीत ती पाणी ओतायला लागली. मुलगी म्हणाली, "सांडू नका आज्जे, लांबून आणलंय." आई म्हणाली, "मी कशाला सांडते, तूच सांडतीस." दहा मिनिटं दोघी पाणी भरत होत्या. मग आई पलंगावर बसली, कपाळ पुसलं आणि म्हणाली, "झालं बाई. आता उद्याची काळजी न्हाई."

मी दाराशी उभी होते. नंतर मी त्या मुलीला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तिला प्रश्नच कळला नाही. "शिकवायचं काय त्यात? आमच्याकडं पानी आलं म्हनलं की घागरी घेऊन पळायचं. टँकर आठवड्यातनं येकदा."

घरी येताना बसमध्ये मी हाच विचार करत होते. माझ्यासाठी "पानी आलं" म्हणजे एक तर पूर, नाही तर चुकीचा उच्चार. तिसरा अर्थ मला माहीतच नव्हता. आणि तो आईच्या आयुष्यातही होताच की! पुरानंतरचे ते रांगेतले दिवस मी विसरले होते. आई विसरली नव्हती.

त्या दिवसापासून मी चुका काढणं बंद केलं. सोपं नाही हो. जीभ सवयीने पुढे येते. सोमवार म्हणाली तर सोमवार. पैसे चोरीला गेले तर "बघू या हं, शोधू या." अण्णा आले नाहीत तर "रात्रपाळी आहे आज, छापखान्यात काम फार आहे." पहिल्यांदा हे वाक्य म्हणताना माझा आवाज कापला. ज्या तोंडाने हजारो मुलांना "खरं बोला" सांगितलं त्याच तोंडाने आईशी खोटं बोलायचं. पण आई म्हणाली, "मग डबा नेला का त्यांनी?" मी म्हटलं, "नेला." "काय दिलंस?" "मेथीची भाजी आणि भाकरी." ती समाधानाने हसली. अण्णांना मेथी आवडायचीच. म्हणजे तेवढं तरी खरं होतं.

इथे थांबले असते तर लेख छान झाला असता. पण मागच्या वर्षी गणपतीत एक दिवस असा आला. आई खाटेवर बसली होती, डोळे स्वच्छ होते. तिने विचारलं, "हे कुठायत?" मी सवयीने म्हटलं, "छापखान्यात." ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग. गेले ना ते?"

आता काय करायचं? कुठल्या पुस्तकात उत्तर आहे याचं? मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "हो आई." ती म्हणाली, "मला वाटलंच." रडली नाही. थोडा वेळ माझा हात कुरवाळत बसली आणि मग म्हणाली, "तू जेवलीस का?"

तेव्हा नियम असा काही नाही. चुका काढू नये हा जर मी नवा नियम केला असता तर त्या दिवशी मी तिला तिचं स्वतःचं दुःखही नाकारलं असतं. त्या वेळी समोरचं माणूस काय मागतंय ते बघावं लागतं. एवढंच मला जमायला लागलंय, तेही रोज नाही.

धाकटा भाऊ क्वचित येतो. पूर्वी मला त्याचा राग यायचा. पैसे देतो म्हणून सुटला का, असं वाटायचं. एकदा तो आला तेव्हा आईने त्याला "दादा" म्हटलं, म्हणजे तिचा स्वतःचा थोरला भाऊ समजली. तो बाहेर जाऊन बाकावर बसला आणि 69 वर्षांचा माणूस हमसून रडला. ज्याला आईने पुरातून कडेवर काढलं त्याला आईने ओळखलं नाही. मग मी राग सोडून दिला. ज्याला जेवढं झेपतं तेवढं.

आता जे सांगायचं होतं ते. दिवाळीत तुम्ही याल. फराळ आणाल, फोटो काढाल. कृपा करून आईला "मला ओळखलं का? सांग बरं मी कोण?" असं विचारू नका. प्रेमाने विचारता हे मला माहीत आहे. पण ती तोंडी परीक्षा आहे, आणि तिला नापास व्हायचं नाही म्हणून ती घाबरते. आपलं नाव आपणच सांगा. एका वेळी एकच प्रश्न विचारा. ती चुकली तर चुकू द्या. दोन जण असाल तर तिच्यासमोर तिच्याबद्दल आपापसांत बोलू नका, तिला सूर कळतो. चिवडा देऊ नका, ठसका लागतो, करंजीचं सारण चालेल. आणि ती म्हणाली पाणी आलं, तर भरून घ्या.

माझं स्वतःचं म्हणाल तर हल्ली तिला मी बहुधा कळत नाही. चार-पाच महिन्यांपूर्वी एका रविवारी मी नेहमीसारखी चष्मा आणि पर्स सावरत आत गेले, तर ती लगबगीने उठायला लागली. "या बाई, बसा," म्हणाली. आधी मला वाटलं सगळे मला बाई म्हणतात ते हिने ऐकलं असेल. पण तिने पदर डोक्यावर घेतला होता. शाळेतल्या बाई घरी आल्यात असं तिला वाटत होतं.

"आमची थोरली तुमच्याच वर्गात हाय ना?"

मी म्हटलं, "हो, माझ्याच वर्गात."

"कशी हाय अभ्यासात?"

काय सांगणार? मी म्हटलं, "हुशार आहे. पण चुका फार काढते सगळ्यांच्या."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. जरा पुढे सरकली आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "तिला रागावू नका बाई. सकाळी उशीर झाला तर उभं करू नका. पहाटंपास्नं पानी भरतीया पोर."

मी म्हटलं, "नाही रागावणार."

"पानी" तसंच राहू दिलं.

असो. खूप लांबलं. येत्या गुरुवारी जाताना अॅल्युमिनियमची एक लहान कळशी घेऊन जायची आहे, प्लॅस्टिकचा मग तडकलाय. तुळशीबागेत बघते. जमलं तर दिवाळीनंतर पुन्हा लिहीन.